नायलॉनचा दोर

२६ नोव्हेंबर १९७२
खडीच्या कामावरून, तालुका जामखेड

चिरंजीव पुंजाराम यास थोरल्या बहिणीचा, लंकाचा, जयभीम.

पोस्टमननं पार्सल हातात दिलं तेव्हा मला वाटलं, पाच वर्षांनी का होईना, भावाला बहीण आठवली, लुगडं धाडलं असेल. सोडून बघते तर पुस्तक! तेही इतकं जाड की शेजारची मालनबाई म्हणाली, "बरं झालं बाई, उशाला हुईल." इथं दुष्काळात माणसं तरवड्याचा पाला शिजवून बघायला लागली, आणि तू पुण्याहून वाचायला पाठवतोस. आई गेली तेव्हा तार केली, आला नाहीस. मॅट्रिक होऊन 'या गावाचं तोंड बघणार नाही' म्हणून गेलास तो गेलासच. आता चिठ्ठीत म्हणतोस, 'आक्का, हे वाच, डोळे उघडतील.' माझे डोळे उघडेच आहेत रे बाबा. खडी फोडताना मिटले तर बोट जातं.

पण वाचते आहे. सातवीची फायनल पास झालेली बाई मी, नवऱ्यानं टाकली म्हणून काही अक्षरं विसरले नाही. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बसून मोठ्यानं वाचते. मालनबाई आणि म्हातारी रंगुबाई ऐकायला बसतात. अमेरिकेतलं शिकागो शहर, कुठल्या थंड मुलखातून पोटासाठी तिथं गेलेलं एक खटलं, आणि दिवसाला हजारो गुरं कापणारे ते कारखाने. गोरी माणसं ढोरं फाडतात, कातडी सोलतात, आतडी धुतात, हे ऐकून मालनबाई उठून बसली. "गोरी मानसं? मंग त्यांस्नी गावाभाईर ठेवत्यात का?" मी पुढची पानं चाळून बघितली. म्हटलं, चिखलात आणि घाणीत ठेवतात, पण पाणी भरायला कुणी अडवत नाही. "मंग कसलं दुख सांगून ऱ्हायलाय त्यो?" रंगुबाई म्हणाली आणि तिथंच पदर तोंडावर घेऊन आडवी झाली.

तुझ्या छापखान्यातल्या लोकांना आपल्या बापाची, आबांची गोष्ट फार आवडली म्हणतोस. ती तू लिहिणार आहेस, ते ठीक. पण 'सबंध वस्तीनं शपथ घेतली' असं जे लिहिलंस ते चूक आहे. तू तेव्हा आठ वर्षांचा होतास, माझा पदर धरून उभा. मला सगळं आठवतं. नागपूरला दीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी आबांनी मेलेली ढोरं ओढायचा दोर आणून चावडीपुढं ठेवला. वस्तीतल्या एकेका गड्यानं दोराला हात लावून शपथ घेतली, की आजपासून गावचं पडलेलं जनावर ओढणार नाही आणि त्याचं खाणार नाही. मग आबांनी तो पेटवला. अंबाडीचा दोर, वर्षानुवर्षं चरबी प्यालेला, भडभडा जळला. आम्ही बाया लांब लिंबाखाली उभ्या होतो. आम्हाला कुणी पुढं बोलावलं नाही. मी आईला विचारलं तर म्हणाली, "आपल्याला काय इचारायचं? गडी जितं, तितं आपन."

लिहायचं तर तसं लिही. त्यापायी गावानं दोन वर्षं आपल्याला वाळीत टाकलं, ते तुला ठाऊकच आहे. आबांनी पोरं उपाशी निजवली पण दोर हातात धरला नाही. आपल्या घरात दुसरं काही नाही पुंजा, तेवढी एक शपथ आहे.

तुझी बहीण,
लंका


२१ जानेवारी १९७३

पुंजाराम,

पुस्तक निम्मं झालं. त्यात एक म्हातारा आहे, कामासाठी दारोदार फिरतो. शेवटी एक जण म्हणतो, तुझ्या पगारातला हिस्सा मला दे, तुला लावून घेतो. हे वाचलं आणि मालनबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बया! आपला मुकादम तिकडंबी जाऊन आला की काय?" सगळ्या इतक्या हसल्या की खरा मुकादम लांबून बघायला लागला. ज्या मुलखातली ही गोष्ट, त्याच मुलखातून आम्हाला खायला लाल मिलो ज्वारी येते. तिची भाकरी वळत नाही, नुसती फाटते. रंगुबाई म्हणते, अमेरिकेच्या ढोरांनी नको म्हटलं म्हणून इकडं धाडली असेल.

हसून झालं. आता खरं ऐक.

ओढ्याच्या पलीकडं गुरांची छावणी निघाली आहे. चार गावांची जनावरं तिथं बांधली आहेत, चारा नावाला. आता ती पडायला लागली. परवा छावणीचे कारभारी तात्या आपल्या दारात आले, आबांशी बोलायला. तात्या कधी आवाज चढवत नाहीत, तोच त्यांचा ताप आहे.

"रंभाजी, छावनीत वास सुटलाय. तुमची मानसं लावा."

"आमी सोडलंय त्ये, तात्या. तुमच्यादेखत सोडलंय."

"आरं, गावकी म्हनून कोन सांगतंय तुला? सरकारी काम हाय. कागदावर 'छावनी सफाई' आसं लिवत्यात. माळावर नेऊन टाकायचं, हाडं ठेकेदार उचलंल. नाव बदाललं की काम बदाललं."

आबा म्हणाले, "नाव तर आमीबी बदाललं, तात्या. गावानं कुटं वळखलं?"

तात्या हसले, तंबाखू मळली, आबांनाही दिली. जाताना उंबऱ्याशी उभं राहून म्हणाले, खडीचं काम या महिन्यात संपतंय. पुढं गावातल्यांना नालाबंडिंग, ओढ्याला बांध घालायचं मातीकाम, आणि तुमच्या वस्तीला छावणी. नको असेल तर घरी बसा, जबरदस्ती नाही. काय खाऊन बसायचं ते मात्र सांगितलं नाही.

उसाच्या कामाला श्रीगोंद्याकडं जावं म्हटलं, तर तिकडचा ऊसच वाळला. गेलेल्या टोळ्या परत येतायत. दुसऱ्या कामावर गेलं तर विचारतात, कुठल्या गावचे, तिकडंच जा. चारी बाजूंनी दार लावल्यासारखं झालं आहे. आबा तर उठायलाच तयार नाहीत. म्हणतात, "मेलो तरी हात लावनार न्हाई." आणि ते मरतील रे. त्यांना मी ओळखते. तूच सांग, काय करू? तुझ्या पुस्तकात कुठं लिहिलं असेल तर पानाचा आकडा कळव.

लंका


४ मार्च १९७३

पुंजाराम,

तुझं पत्र मिळालं. 'आबांना म्हणावं, ताठ उभे राहा, सगळा समाज तुमच्याकडं बघतो आहे.' बघत असेल. इथं वरून घारी बघतायत. मी काय करू ते विचारलं होतं, त्याचं उत्तर पत्रात सापडलं नाही. उलटसुलट करून बघितलं.

चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, पुण्यात आबांचा सत्कार करायचा ठरलाय, शाल, हार, हे मी आबांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी धोतर धुवायला काढलं. पाणी नाही म्हटल्यावर घडी घालून परत ठेवलं. तू त्यांना न्यायला येणार म्हणतोस. ये.

मला काम लागलं आहे. बरं आहे. आबांना मी नालाबंडिंग सांगितलं आहे, तू काही वेगळं विचारत बसू नकोस. वस्तीतल्या सगळ्याच बाया कामाला जातात. गडी घरी बसून आहेत, त्यांची शपथ शाबूत आहे. वस्तीत चुली पेटतात. कशानं पेटतात ते कुणी कुणाला विचारत नाही.

पुस्तक आता मोठ्यानं वाचत नाही. ऐकायची हौस कुणाला उरली नाही. मी एकटीच वाचते. त्यातला तो दांडगा गडी शेवटी खताच्या कारखान्यात लागतो ना, हाडांचा भुगा करतात तिथं. त्याच्या अंगाला असा वास बसतो की लोक शेजारून उठून जातात आणि घरातल्या जेवणालाही वास येतो. ते मी पुन्हापुन्हा वाचलं. ज्यानं लिहिलं तो नक्की तिथं जाऊन उभा राहिलेला असणार. राख लावली, लिंबाचा पाला चोळला तरी जात नाही, हे काही घरात बसून सुचत नाही. (राखेचं त्यानं लिहिलेलं नाही. ते माझं मी लिहिलं.)

पुस्तकाला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आहे, तुझी वस्तू खराब नको व्हायला.

लंका


१ एप्रिल १९७३

पुंजा,

आज सगळं लिहिते. लपवून लपवून जीव आंबला.

छावणीतली ढोरं आम्ही ओढतो. आम्ही बाया. खडी संपल्यावर चार दिवस वस्तीत कुणाची चूल पेटली नाही. मालनबाईचा धाकटा माती खाताना सापडला. त्या दिवशी मीच म्हटलं, शपथ गड्यांनी घेतली आहे, आपल्याला कुणी घेऊ दिली नव्हती, तेव्हा आपण हात लावला तर कुणाची मोडत नाही. बोलताना मला मी फार शहाणी वाटले. रंगुबाई म्हणाली, "लंके, वकील व्हायची हुतीस गं तू." दुसऱ्या दिवशी आम्ही छावणीवर उभ्या. गडी हात लावणार नाहीत, आम्ही लावू, असं मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ढोराला काय, बाप्याचा हात आन बाईचा हात, सारकाच."

ठेकेदारानं दोर दिलाय तो नायलॉनचा, हिरवागार, नवा कोरा. अंबाडीचा दोर हातात बसतो, हा बसत नाही. ओढताना सरकतो आणि तळवा कापून जातो. आता अक्षर वाकडं दिसत असेल तर त्याचं कारण ते आहे.

तू मागं लिहिलं होतंस, हे पुस्तक छापून आलं तेव्हा तिकडच्या लोकांनी आपल्या ताटातल्या मटणाचा बोभाटा केला, कामगारांचं कुणी विचारलंच नाही. मला तेव्हा खोटं वाटलं होतं. मागल्या आठवड्यात जीपमधून एक साहेब आला. नाकावर रुमाल. आमच्या हातांकडं त्यानं बघितलंसुद्धा. मला वाटलं, विचारतोय आता. तो तात्यांना म्हणाला, "रस्त्यावर वास येतो हो. जरा लांब टाकत चला." म्हणजे वस्तीच्या मागच्या माळावर. म्हणजे आमच्या दारावरून.

तिथं माझं खोटं फसलं. खिलारी बैल होता, पडला तरी अंगानं मोठा. वस्तीजवळच्या ओढ्यात तो रुतला, हलेना. आम्ही सगळ्या घामानं निथळत होतो. वर बघितलं तर आबा काठावर उभे. काठी टेकून. माझ्या हातातून दोर सुटला. वाटलं, आता इथंच पुरून घ्यावं. मला वाटलं शिव्या देतील, काठी घालतील. त्यांनी काठीचं टोक बैलाच्या पायांकडं केलं. मग म्हणाले,

"गाठ चुकलीया. मागच्या पायास्नी मार. फुडून वढलं की शिंगं रुतत्यात."

आणि वळून घरी गेले. आम्ही गाठ मागं मारली. बैल निघाला.

संध्याकाळी मी भाकरी पुढं ठेवली, त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "मी दोराला शिवलो न्हाई, लंके. पर आज तोंडानं वढलं." मला रडू आवरेना. मी म्हटलं, "आबा, तुमची शपथ शाबूत हाय. तुमी घेतली हुती, मी न्हाई घेतली." तर म्हणाले, "तुला कुनी दिलीच न्हाई." मग म्हणाले, "माजीच चूक. तुमास्नी लिंबाखाली हुबं केलं मी. आन आज तुमच्याच ताटातलं खाऊन मी शपथवाला म्हनून मिरवायचा?"

तेव्हापासून नीट जेवत नाहीत. तू ये पुंजा. सत्काराचं राहू दे. जामखेडला जाऊन त्या साहेबाशी बोल, तुला बोलता येतं. पुण्यातल्या तुझ्या लोकांना सांग, छापा म्हणावं. आम्हाला फक्त दुसरं काम हवं आहे, मातीचं, दगडाचं, कसलंही. ते एवढं करशील तर आई गेल्यावर आला नाहीस तेही मी विसरेन.

तुझी आक्का


२० एप्रिल १९७३

पुंजाराम यास,

तुझं पत्र बारा तारखेलाच आलं. 'हे कुणाला कळू देऊ नका. चळवळीची बदनामी होईल. सत्कार तेवढा पार पडू द्या, मग बघू. तेरा तारखेला मी जामखेडच्या स्टँडवर थांबतो, आबांना तिथवर आणून सोड.'

तिथवर आणून सोड! वस्तीवर येत नाही म्हणतोस. वास येईल म्हणून, का आमची तोंडं बघवत नाहीत म्हणून, ते लिहिलं नाहीस. आबांना मी पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "थांबू दे त्याला." थांबलास का रे? किती वेळ थांबलास? त्या स्टँडवर साधं सावलीचं झाड नाही.

जयंतीच्या दिवशी सकाळी आबांनी ती घडीतली धोतरजोडी काढली. मला वाटलं, मन बदललं, निघतायत. पण मी कामावरून आल्यावर घरामागं धोंड्याखाली ठेवायची तो ठेकेदाराचा हिरवा दोर त्यांनी उचलला आणि चावडीकडं चालायला लागले. आम्ही सगळ्या मागं. चावडीपुढं त्यांनी दोर ठेवला, त्याच जागेवर. गडी पुढं सरकले तर आबा म्हणाले, "तुमी लिंबाखाली हुबं ऱ्हा. आज बाया."

 रंगुबाई पहिली गेली. मग मालनबाई. मग मी. मी हात लावला आणि जे शब्द आबांनी तेव्हा म्हटले होते तेच म्हटले. मला ते पाठ होते. सोळा वर्षं पाठ होते रे, कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं एवढंच. त्या घटकेला मला इतकं बरं वाटलं की आई असायला हवी होती असं वाटलं.

मग आबांनी रॉकेल ओतलं आणि काडी लावली.

पुंजा, तो दोर जळला नाही. रॉकेल तेवढं जळालं. दोर नुसता आकसला, काळा धूर काढला, थेंब थेंब गळायला लागला. आबा काठीनं ढोसायचे, पुन्हा रॉकेल, पुन्हा काडी. शेवटी त्यांनी हातानं उचलून जाळावर धरला, तर ते वितळलेलं त्यांच्या तळहातावर पडलं आणि तिथंच चिकटलं. तरी सोडेनात. मी ओढून सोडवला तेव्हा कातडीसकट आला. पारावर बसलेली मंडळी बघत होती. कुणी हसलं नाही, हे खरं सांगते. तात्या उठून आले, म्हणाले, "रंभाजी, आरं हे नायलान हाय. ह्ये जळत न्हाई, इतळतं." आणि स्वतःच्या घरून हाताला लावायला लोणी आणून दिलं. मी म्हटलं ना, तात्यांचा तोच ताप आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीवर नवा दोर आला होता. ठेकेदाराच्या ट्रकमध्ये वेटोळ्यांचा ढीग पडलेला असतो. मालनबाई गेली, तिचा धाकटा घरी आहे. रंगुबाई जाता जाता दारात थांबली आणि म्हणाली, "दोर जळला न्हाई, तवा शपथ लागली न्हाई. चल गं." हे ती हसत म्हणाली का रडत ते मला कळलं नाही. मीही गेले. माझी वकिली आता चालत नाही पुंजा. आधी म्हणायची सोय होती की आम्ही कुठं शपथ घेतली. आता घेतली आहे, आणि दुसऱ्याच दिवशी मोडली.

पाऊस पडेल, छावणी उठेल, असं सगळे म्हणतात. मला त्याचीच भीती वाटते. गावानं आता आमचे हात बघितले. उद्या कुणाच्या गोठ्यात म्हैस मेली तर गड्यांना कुणी बोलावणार नाही, लंकाला हाक येईल. आबांनी एका दिवसात घालवलं ते मी माझ्या हातानं परत आणून ठेवलं, पोट भरायला. दुसरं काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. आबा उजवा हात बांधून बसून असतात. मी भरवते, थोडं खातात. 

तुझं पुस्तक संपलं. शेवटी भाषणंच भाषणं आहेत, माझा डोळा लागला. चांगली असतील. पण त्या दांडग्या गड्याची बायको मेली आणि पोर रस्त्यातल्या पाण्यात बुडालं, त्यानंतर मला कुणाचं भाषण ऐकवेना. ते परत पाठवते आहे. कव्हर काढलेलं नाही. पानांना वास लागला आहे, उन्हात ठेवून बघ. जाईलसं वाटत नाही.

आबांची गोष्ट लिही किंवा नको लिहू, तुझी मर्जी. लिहिलीस तर लिंबाखालच्या बायांसकट लिही, आणि हा दोर जळला नाही तेही लिही.

सुतळी नव्हती म्हणून पार्सल त्याच दोराच्या तुकड्यानं बांधलं आहे. चावडीपुढं पडला होता तो. एका टोकाला वितळून घट्ट गाठ झाली आहे, नखानं सुटायची नाही, मी सोडवून बघितली. दोन्ही हातांनी धरून ओढावं लागेल.

लंका